वाचकांचे प्रश्न : स्पोर्ट्स कारचे इंजिन, बिघाड आणि रिकॉल

प्रश्न : साध्या छोट्या गाडीचे इंजिन दोन लाख किलोमीटर विनातक्रार चालते. मग तिच्या कितीतरी पट किमतीच्या स्पोर्ट्स कारचे इंजिन पन्नास हजार किलोमीटरच्या आत उघडावे लागल्याचे का ऐकू येते? एवढ्या पैशात टिकाऊपणाही मिळायला नको का?

उत्तर : त्या पैशात मिळते ती कमी वजनात आणि लहान आकारात जास्तीत जास्त शक्ती, टिकाऊपणा हा त्या व्यवहारातला मुख्य माल नव्हेच. पिस्टन वरखाली होताना त्याला क्रँकशाफ्टशी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी, जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर येणारा जडत्वाचा भार फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे मिनिटाला ६,००० ऐवजी ९,००० फेरे घेणाऱ्या इंजिनात तो दीडपट नव्हे तर सव्वादोन पट होतो. २०१३ मध्ये आलेल्या पोर्श ९११ जीटी३ चे ३.८ लिटरचे इंजिन घ्या. त्याचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या वरखाली होण्याचे अंतर, ७७.५ मिलिमीटर आहे आणि कमाल फेरे ९,०००. त्या वेगाला पिस्टन सरासरी सेकंदाला सुमारे २३ मीटर या गतीने धावतो आणि दर सेकंदाला ३०० वेळा पूर्ण थांबून उलट दिशेला वळतो. जळलेला वायू बाहेर टाकताना पिस्टन वरच्या टोकाला पोहोचतो, तेव्हा त्याला अडवायला वरून वायूचा फारसा दाब नसतो, त्यामुळे त्याला मागे खेचण्याचे सारे काम कनेक्टिंग रॉड आणि त्याचे टोपण धरून ठेवणारे दोन बोल्ट यांनाच करावे लागते. साध्या गाडीत हे बोल्ट गरजेपेक्षा बरेच बळकट ठेवलेले असतात. येथे मात्र प्रत्येक ग्रॅम मोजलेला असल्याने ती जास्तीची ताकद उरत नाही.

वंगणाचे गणितही असेच काटेकोर आहे. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा जो थर असतो तो केसापेक्षाही कितीतरी पातळ असतो, आणि तो क्षणभर तुटला तरी धातू धातूवर घासतो. वेगात लांब वळण घेताना ऑइल सम्पच्या, म्हणजे इंजिनाखालच्या भांड्याच्या, एका बाजूला चढते आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. म्हणूनच ट्रॅकसाठी बनवलेल्या अनेक गाड्यांत ऑइल वेगळ्या टाकीत साठवून पंपांनी फिरवणारी ड्राय सम्प रचना असते. बीएमडब्ल्यूच्या ई४६ पिढीच्या एम३ मधले एस५४ इंजिन ८,००० फेऱ्यांपर्यंत जाणारे आणि ९१ मिलिमीटरच्या लांब स्ट्रोकचे होते. त्याच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांचे रॉड बेअरिंग खराब होऊ लागले, तेव्हा कंपनीने मोहीम काढून ते बदलून दिले.

आणखी एक कारण क्वचितच बोलले जाते. लाखोंनी खपणाऱ्या गाडीतला दोष पहिल्या काही महिन्यांतच हजारो गॅरेजमध्ये दिसतो. काही शेकड्यांत बनणाऱ्या आणि महिन्यातून एकदोनदा बाहेर निघणाऱ्या गाडीतला दोष उघड व्हायला वर्षे लागतात, आणि तोवर त्याची परीक्षा ग्राहकाच्याच हातून होत असते.

प्रश्न : पोर्शने जीटी३ च्या सर्वच गाड्यांची इंजिने बदलली होती हे खरे आहे का? एवढे मोठे पाऊल उचलण्याइतका दोष काय होता, आणि त्यानंतरही त्या इंजिनाबद्दल तक्रारी का येत राहिल्या?

उत्तर : खरे आहे. २०१४ च्या सुरुवातीला युरोपात या मॉडेलच्या दोन गाड्यांना इंजिनातून आग लागली. कंपनीने आधी मालकांना गाडी चालवूच नका असे कळवले आणि मार्चमध्ये जाहीर केले की २०१४ मॉडेल वर्षाच्या, तोवर दिलेल्या सर्व ७८५ गाड्यांची इंजिने बदलण्यात येतील. तपासात आढळले ते असे : कनेक्टिंग रॉडच्या स्क्रूची जोडणी सैल झाली, सुटलेल्या रॉडने क्रँककेस फोडला, आणि बाहेर उडालेल्या ऑइलने पेट घेतला. नव्या इंजिनांत सुधारित स्क्रू बसवले गेले. केवळ स्क्रू बदलून का भागवले नाही, असे विचारता येईल. परंतु रॉडच्या या स्क्रूंपर्यंत पोहोचायचे म्हणजे इंजिन जवळपास पूर्ण उघडायचे, आणि ते काम शेकडो ठिकाणी वेगवेगळ्या हातांनी होण्यापेक्षा कारखान्यातून आलेले तयार इंजिन बसवणे अधिक सुरक्षित होते. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच होता.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. बदललेल्या इंजिनांतला रॉडचा प्रश्न मिटला, पण पुढच्या काही वर्षांत त्याच इंजिनाच्या व्हॉल्व्ह यंत्रणेत दुसरा दोष दिसू लागला. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये फिंगर फॉलोअर नावाची छोटी तरफ असते. तिचा पृष्ठभाग झिजल्याने व्हॉल्व्ह नीट उघडेनासा होत असे आणि वरच्या फेऱ्यांवर इंजिन मिसफायर करू लागे. या दोषासाठी मात्र रिकॉल, म्हणजे गाड्या परत बोलावून फुकट दुरुस्त करणे, झाला नाही. कंपनीने सुधारित भाग आणले आणि २०१७ मध्ये अमेरिकेतल्या मालकांना इंजिनासाठी १० वर्षे किंवा १,२०,००० मैल अशी वाढीव वॉरंटी दिली.

एकच इंजिन, दोन दोष, आणि दोन निराळे मार्ग. रिकॉल हा गुणवत्तेचा निकाल नसतो, तो धोक्याचा निकाल असतो. अमेरिकेत १९६६ च्या वाहन सुरक्षा कायद्याने आणि त्यातल्या १९७४ च्या दुरुस्तीने ही कसोटी लिहून ठेवली आहे : दोषामुळे अपघाताची किंवा इजेची अवाजवी शक्यता निर्माण होत असेल, तरच उत्पादकाने गाडी परत बोलावून ती विनामूल्य दुरुस्त केली पाहिजे. फुटलेल्या क्रँककेसमधून उडणारे ऑइल या कसोटीत बसते. झिजलेली तरफ मालकाच्या खिशाला कितीही महाग पडली तरी बसत नाही.

प्रश्न : पोर्शच्या जुन्या ९११ आणि बॉक्सस्टरमधल्या आयएमएस बेअरिंगने इतकी इंजिने गिळली, तरी त्याचा रिकॉल का झाला नाही?

उत्तर : वर सांगितलेली कसोटीच येथे आड आली. हा बेअरिंग इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टला (आयएमएस) आधार देतो, आणि कॅमशाफ्टची साखळी त्या शाफ्टवरून चालते. बेअरिंग तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचे वेळापत्रक बिघडते, दोन्ही एकमेकांवर आदळतात, आणि बहुतेक वेळा इंजिन दुरुस्तीच्या पलीकडे जाते. गाडी बंद पडते. पेट घेत नाही आणि चाकही निखळत नाही. भर रस्त्यात वेगात असताना इंजिन अचानक बंद पडणे धोक्याचे नाही असे मी म्हणणार नाही, आणि इतर काही प्रकरणांत नियामकांनी इंजिन अचानक बंद पडणे हा सुरक्षेचा दोष मानलेलाही आहे. येथे मात्र मालकांना न्यायालयाची वाट धरावी लागली. २००१ ते २००५ या काळात बनलेल्या ठरावीक गाड्यांसाठी अमेरिकेतल्या सामूहिक दाव्यात २०१३ मध्ये तडजोड झाली आणि पात्र मालकांना दुरुस्तीच्या खर्चाची भरपाई मिळाली. त्या पिढीतल्या ९११ टर्बो आणि जीटी३ मध्ये वेगळ्या वंशाचे इंजिन होते, त्यामुळे त्यांना हा दोष लागू नाही. जुनी गाडी पाहणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

प्रश्न : सुपरकार पेटल्याच्या चित्रफिती अनेकदा पाहण्यात येतात. प्रत्येक वेळी इंजिनच दोषी असते का?

उत्तर : नाही, आणि रिकॉलचे कागद वाचले तर इंजिनाच्या आजूबाजूचे किरकोळ भागच अधिक वेळा सापडतात. फेरारी ४५८ इटालियाच्या काही गाड्या २०१० च्या उन्हाळ्यात पेटल्या, तेव्हा दोष निघाला तो मागच्या चाकाच्या कमानीतले उष्णतारोधक आवरण चिकटवणाऱ्या गोंदात. अतिउष्णतेने तो पेट घेऊ शकत होता. कंपनीने तोवर बनलेल्या १,२४८ गाड्या बोलावल्या आणि गोंदाऐवजी रिव्हेट वापरले. लॅम्बोर्गिनीने २०१७ मध्ये अॅव्हेंटाडोरच्या सुमारे ५,९०० गाड्या परत बोलावल्या. टाकी काठोकाठ भरलेली असताना पेट्रोल वाफ शोषणाऱ्या यंत्रणेत शिरून ती वाफ तप्त एक्झॉस्टपर्यंत पोहोचण्याचा धोका होता. मॅक्लारेनच्या २०२० मधल्या रिकॉलमध्ये तर इंधनाच्या टाकीखाली आवाज कमी करण्यासाठी ठेवलेला फोमचा तुकडा ओलावा धरून ठेवत होता, त्यामुळे टाकी गंजून पेट्रोल गळण्याची शक्यता होती.

या सर्व गाड्यांत इंजिन मधोमध असते. पाचशे-सातशे अश्वशक्तीची भट्टी, इंधनाच्या नळ्या, ऑइल आणि प्लास्टिक हे सारे एका अरुंद कप्प्यात कोंबलेले असते आणि समोरून येणारी हवा तेथे सहजासहजी पोहोचत नाही. गाडी थांबवल्यावर पंख्यांखेरीज हवेची ये-जा उरत नाही, म्हणून कप्प्यातले तापमान इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे वाढतच राहते. उभ्या गाडीत केवळ आवाज ऐकवण्यासाठी फेरे वाढवण्याची जी हौस दिसते, तिच्याइतकी या रचनेला न मानवणारी दुसरी सवय नसेल.

प्रश्न : रिकॉलचे काम करून घेतल्यावर चांगले चालणारे इंजिन बिघडू शकते का? माझ्या गाडीला पत्र आले आहे, पण ती उत्तम चालते, म्हणून मी टाळतो आहे.

उत्तर : बिघडू शकते, आणि तरीही टाळू नये. सुबारू बीआरझेड आणि तिचीच जुळी टोयोटा ८६ यांच्या सुरुवातीच्या गाड्यांत व्हॉल्व्हच्या स्प्रिंग तुटण्याचा दोष होता, म्हणून २०१८ मध्ये रिकॉल निघाला. बॉक्सर इंजिनात सिलिंडर आडवे असल्याने त्या स्प्रिंगपर्यंत पोहोचण्यासाठी इंजिन गाडीतून खाली काढावे लागते आणि पुन्हा जोडताना सीलंट लावावे लागते. काम झाल्यानंतर काही गाड्यांची इंजिने निकामी झाल्याच्या तक्रारी आल्या. जास्तीचे सीलंट सुटून ऑइलच्या वाटा बुजल्याचा आरोप झाला, आणि अमेरिकेत प्रकरण न्यायालयात गेले.

यावरून काढायचा बोध इतकाच की काम कोणाच्या हातून होते हे विचारावे. या प्रकारची इंजिने नेहमी उघडणारा मेकॅनिक त्या सर्व्हिस सेंटरमध्ये आहे का, कामाचे तास किती धरले आहेत, आणि कामानंतर पहिले ऑइल लवकर बदलून देणार का, हे आधी लेखी घ्यावे. दोष असलेली गाडी उत्तम चालत असते, हेच तर बहुतेक रिकॉलचे कारण असते. २०१४ मधल्या ७८५ जीटी३ पैकी बहुतेक गाड्या त्या दिवशी व्यवस्थितच चालत होत्या.

प्रश्न : वापरलेली स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. विक्रेता म्हणतो की कोणताही रिकॉल बाकी नाही. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : तेवढ्यावर सही करू नका. रिकॉल बाकी आहे की नाही हे १७ अक्षरांच्या चासिस क्रमांकावरून कंपनीकडे किंवा त्या देशाच्या नियामकाकडे स्वतः तपासावे. तो झाला असेल तर कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला आणि कोणता भाग बदलला, याचा कागद मागावा. इंजिनच बदलले असेल, तर नव्या इंजिनाचा क्रमांक कागदपत्रांवर चढला आहे का ते पाहावे. त्यानंतर रिकॉलच्या बाहेर राहिलेल्या दोषांकडे वळावे, कारण खरा खर्च तेथेच दडलेला असतो.

पोर्शच्या अनेक मॉडेलांत इंजिनाचा संगणक ठरलेल्या मर्यादेपुढचे फेरे सहा टप्प्यांत नोंदवून ठेवतो, आणि ती नोंद सर्व्हिस सेंटर काढून देऊ शकते. वरच्या टप्प्यांत, त्यातही अलीकडच्या तासांत नोंदी असतील, तर मॅन्युअल गाडीत कोणीतरी चुकीचा खालचा गिअर टाकलेला असण्याची शक्यता मोठी असते. फेरे रोखणारी यंत्रणा इंधन तोडू शकते, पण चाकांनीच जोराने फिरवलेले इंजिन तिला थांबवता येत नाही. जुन्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवल्यास तांबे, शिसे आणि लोखंड यांच्या प्रमाणावरून बेअरिंग झिजत आहे का याचा अंदाज येतो. एका नमुन्यापेक्षा लागोपाठच्या दोन-तीन सर्व्हिसचे नमुने मिळाले तर अधिक बरे. फार कमी चाललेली गाडी पाहून हरखून जाऊ नये. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीची सीले आणि रबरी नळ्या सुकतात, आणि इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होत असेल तर ऑइलमध्ये पाणी आणि पेट्रोल साचते.

प्रश्न : इंजिनाचे सॉफ्टवेअर बाहेरून बदलून शक्ती वाढवलेली आहे. रिकॉलचा हक्क जातो का?

उत्तर : सुरक्षेच्या रिकॉलचा हक्क सहसा जात नाही, कारण तो गाडीला चिकटलेला असतो, वॉरंटीतला दावा मात्र कंपनी नाकारू शकते. दुरुस्तीत मूळ सॉफ्टवेअर पुन्हा घातले जाऊ शकते आणि आपण केलेला बदल पुसला जाऊ शकतो, म्हणून गाडी देण्याआधी सर्व्हिस सेंटरला तसे स्पष्ट सांगावे. ते लपवून ठेवल्यास बदललेला भाग चुकीच्या जुळवणीवर चालेल, आणि पुढचा बिघाड कोणाचा हे ठरवताना कागद आपल्या बाजूने बोलणार नाहीत.