सोलापूर जिल्ह्यात चांगली ड्राय (गोड नसलेली) रेड वाईन बनते का, की नाशिकचीच घ्यावी?

बनते की राव, आपल्या अकलूजकडं! माळशिरस तालुक्यात फ्रातेली या वाईन कंपनीचे मळे आहेत, त्यांची सेत्ते नावाची रेड वाईन बघा, सांजोवेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या दोन द्राक्षांचा ब्लेंड, ओकच्या पिंपात मुरवलेला. सांजोवेझे मूळ इटलीतल्या टस्कनीचं, तिथली किआंती वाईन मुख्यतः त्याचीच असते, आणि त्यात कॅबर्ने घालायची पद्धत पण तिकडचीच, १९७० च्या दशकात तिन्यानेलो नावाच्या टस्कनीच्या वाईनपासून गाजलेली. सांजोवेझेनं आंबटसर तरतरी येते, कॅबर्नेनं अंग म्हणजे दाटपणा आणि तुरटपणा.

आता लोक म्हणतात सोलापूरच्या उन्हात कसली वाईन, पण इथं छाटणी पावसाळा संपता संपता करतात त्यामुळं द्राक्षं थंडीत पिकतात आणि साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोड होते, म्हणजे खरं ऊन सुरू व्हायच्या आत काम उरकतं, शिवाय रात्री गार असल्या की आंबटपणा टिकून राहतो.

नाशिक वाईट नाही, पण रेडसाठी मी तरी हीच घेईन. फक्त रूम टेंपरेचरला प्या वगैरे ऐकू नका, एप्रिलमध्ये आपली रूम म्हणजे भट्टी, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. सोबत मटण भारी लागतं, शेंगाचटणी मात्र नको, तिखटानं तुरटपणा अजून टोचतो.