फ्रान्सच्या पांढऱ्या रस्त्यांवर : वाचकांचे सायकलप्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत फ्रान्सच्या ग्रामीण भागातल्या सायकलसहलीबद्दलचे प्रश्न बरेच होते, म्हणून ते एकत्र घेतले आहेत.

प्रश्न (दादर) : आम्ही नवरा-बायकोने २०० किमीच्या ब्रेव्हे (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या) पूर्ण केल्या आहेत. सप्टेंबरमध्ये दहा दिवस मोकळे आहेत. ल्वार नदीकाठचा ‘ल्वार आ व्हेलो’ मार्ग ९०० किमीचा आहे असं कळलं. रोज ९० किमी आम्हाला जड नाही. पण राजवाडेही बघायचे आहेत आणि गाड्यांचा गोंगाट नको. सगळा मार्ग करावा का?

उत्तर : करू नका. रोज ९० किमी पायांना जमेल, पण राजवाडे बंद होण्याच्या वेळेला तुम्ही फाटकाशी पोहोचाल. एकेका राजवाड्याला दोन-तीन तास लागतात. सोम्यूर ते ब्ल्वा हा मधला तुकडा घ्या. आडवाटा धरून तो साधारण २०० किमी होतो आणि पाच-सहा दिवसांत निवांत बसतो. नदीचा हा पट्टा २००० सालापासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

दिशा मात्र विचार करून ठरवा. बहुतेक लोक ब्ल्वाहून निघून प्रवाहाबरोबर पश्चिमेला जातात आणि दिवसभर समोरचा वारा खातात, कारण इथला वारा बहुधा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. नदीचा उतार इतका कमी आहे की उलट दिशेने जाताना चढ पायाला जाणवतही नाही. म्हणून पॅरिसहून तूरमार्गे रेल्वेने आधी सोम्यूर गाठा आणि वारा पाठीवर घेऊन पूर्वेकडे या. गाडीत सायकलसाठी वेगळं आरक्षण लागतं का, हे तिकीट काढतानाच बघून घ्या. गर्दीच्या दिवसांत या मार्गावरच्या सायकलच्या जागा लवकर भरतात.

पहिल्या दिवशी मोंसोरोपासून जरा आत फोंतव्रोचा मठ बघा. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड आणि त्याची आई एलिनॉर यांच्या समाध्या तिथे आहेत. त्याच परिसरात नदीकाठच्या पांढऱ्या, मऊ चुनखडीच्या कड्यात कोरलेली घरं आणि दारूची तळघरं दिसतील. राजवाडेही याच दगडाचे. पुढे शिनों, व्हिलाँद्रीची बाग, तूर, मग आँब्वाज. लिओनार्दो दा विंची १५१९ मध्ये आँब्वाजलाच वारला, आणि शाँबोर राजवाड्याचं बांधकाम त्याच वर्षी सुरू झालं. शाँबोर शेवटच्या दिवशी ठेवा. ब्ल्वात सामान टाकून जाऊन-येऊन होतं आणि रस्ता राजाच्या जुन्या शिकारीच्या जंगलातून जातो.

ब्ल्वा ते तूर उत्तर काठाचा डी-९५२ हा रस्ता टाळा. नकाशावर नदीला चिकटून सुंदर दिसतो, पण तो जुना राष्ट्रीय महामार्ग आहे आणि ट्रक जोरात जातात. खुणा लावलेला सायकलमार्ग सोडू नका. तो कधी पूररोधक बांधावरून, कधी गावातल्या गल्लीतून, कधी दाबलेल्या खडीवरून जातो. या खडीसाठी २५ मिमीचे टायर काढून २८ ते ३२ मिमीचे घाला, अर्थात फ्रेममध्ये जागा असेल तर.

उरलेल्या दिवसांसाठी पूर्व फ्रान्समधला बर्गंडी प्रांत. जिव्री ते क्ल्यूनी हा ४४ किमीचा ‘व्ह्वा व्हेर्त’ (हरित मार्ग) जुन्या रेल्वेमार्गावर १९९७ मध्ये झाला. पूर्ण डांबरी, मोटारींना बंदी, आणि रुळांचा मार्ग असल्याने चढ अगदी सौम्य. क्ल्यूनीचा मठ ९१० सालचा. रोमचं सेंट पीटर्स बांधलं जाईपर्यंत इथलं चर्च ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं होतं. राज्यक्रांतीनंतर ते दगडांसाठी पाडलं गेलं, आज उरलाय तो एक कोपरा. त्या एका मनोऱ्याखाली उभं राहिलं की बाकीचं केवढं असेल याचा अंदाज येतो. या मार्गावरून कोर्माताँला उतरून शापेझचं अकराव्या शतकातलं चर्च आणि टेकडीवरचं ब्राँसियों जरूर करा. तिथला चढ खरा आहे, त्यामुळे लहान गिअर हवा. क्ल्यूनीहून पुढे माकोंकडे जायचं असेल तर वाटेत १.६ किमीचा जुना रेल्वे बोगदा लागतो. हिवाळ्यात तो वटवाघळांसाठी बंद ठेवतात. सप्टेंबरमध्ये उघडा असतो. आत थंडी असते, जाकीट हाताशी ठेवा.

प्रश्न (मुलुंड) : प्रसिद्ध मार्ग सोडून स्वतः शांत रस्ते शोधायचे असतील तर नकाशावर ते ओळखायचे कसे?

उत्तर : मिशेलँ कंपनीचा १:१५०००० प्रमाणाचा कागदी नकाशा घ्या, त्यात १ सेंमी म्हणजे दीड किलोमीटर. लाल रस्ते मोठे, पिवळे मधले, पांढरे गावाकडचे. तुम्हाला पांढरे हवेत. रस्त्याच्या कडेने हिरवी रेघ असेल तर परिसर देखणा. रस्त्यावर बाणासारख्या खुणा म्हणजे चढ, बाणाचं टोक चढाच्या दिशेला. एक खूण ५ ते ९ टक्के, दोन ९ ते १३, तीन त्याहून जास्त. येऊर किंवा आरेतले चढ आरामात काढणाऱ्याला एक खूण अवघड नाही. दोन खुणांचा रस्ता सामानासकट दिवसाच्या शेवटी ठेवू नका.

पण नुसता रंग पुरत नाही. दोन गावांना जोडणारा एकमेव पांढरा रस्ता म्हणजे सगळ्यांचा शॉर्टकट, तिथे सकाळ-संध्याकाळ गाड्या असतात. जवळून समांतर पिवळा किंवा लाल रस्ता जात असेल, तर वाहनं तिकडे जातात आणि पांढरा तुमच्यासाठी रिकामा राहतो. आधी मोठा रस्ता शोधा, मग त्याच्या शेजारचा लहान. क्रमांकावर विश्वास टाकू नका. जुने राष्ट्रीय महामार्ग जिल्ह्यांकडे आले तेव्हा त्यांना ‘डी’ क्रमांक मिळाले, आणि डी-९०० च्या पुढचे कित्येक रस्ते असे आहेत. ‘डी’ दिसला म्हणजे शांतता मिळाली असं नाही.

वेळही सांभाळा. दुपारी १२ ते २ फ्रान्स जेवतो आणि पिवळे रस्तेसुद्धा ओस पडतात. मोठा रस्ता थोडासा वापरावाच लागणार असेल, तर तो तुकडा याच वेळात उरका. सप्टेंबरपासून शिकारीचा हंगाम सुरू होतो. जंगलाकाठी ‘शास आँ कूर’ (शिकार चालू आहे) अशी पाटी दिसली तर आत शिरू नका आणि भडक रंगाचे कपडे घाला. ‘ग्राव्हियों’ ही पाटी म्हणजे ताज्या डांबरावर सुटी खडी. वळणाच्या आधी वेग उतरवा, वळणात ब्रेक नको.

मोबाइलवर मार्ग आखत असाल तर ‘रोड बाइक’ निवडूनसुद्धा तो शेतातल्या कच्च्या वाटेवर नेऊ शकतो. शंकेच्या जागा आदल्या रात्री उपग्रहचित्रावर पाहून ठेवा.

प्रश्न (विलेपार्ले) : दक्षिण फ्रान्समधल्या कनाल द्यु मिदी या कालव्याचा काठ रोड बाइकवर होईल का?

उत्तर : सगळा नाही. तुलूझहून पहिले साधारण ५० किमी डांबरी आहेत. त्यापुढे माती, खडी आणि झाडांची मुळं. हा २४० किमीचा कालवा पिएर-पोल रिके यांच्या योजनेनुसार १६६६ ते १६८१ मध्ये खणला गेला. पण काठावरची वाट नावा ओढणाऱ्या जनावरांची, तुमच्या टायरांची नव्हे. सावलीही आता सलग नाही. प्लेन वृक्षांना बुरशीचा रोग लागल्याने २००६ पासून हजारो झाडं तोडावी लागली. ४० मिमीचे टायर असतील तर जा, नाहीतर कालव्याला समांतर पांढरे रस्ते धरा.

प्रश्न (ठाणे) : स्वतःची सायकल न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी? पॅकिंगची भीती वाटते.

उत्तर : आठवड्याहून कमी चालवणार असाल तर भाड्याची घ्या. मात्र दुकानातून निघण्याआधी एक तपासणी कराच. आपल्याकडे उजवा लिव्हर पुढच्या चाकाचा, तिकडे बहुधा डावा पुढचा. तुमचा डावा हात मागच्या ब्रेकच्या सवयीने लिव्हर ओढेल आणि ओल्या वळणावर पुढचं चाक अडकेल. सायकल उभी ठेवून एकेक लिव्हर दाबा, ढकलून बघा, कोणतं चाक थांबतं ते पाहा. केबलचे ब्रेक दुकानदार सहसा थोड्या वेळात अदलाबदल करून देतो; हायड्रॉलिकला ते किचकट, मग पहिला तास रिकाम्या रस्त्यावर सवय करा.

स्वतःची नेणार असाल तर पेडल काढताना लक्षात ठेवा, डाव्याची आटी उलटी असते. पाना पेडलवर उभा धरून मागच्या चाकाकडे फिरवला की दोन्ही पेडल सुटतात. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) हँगरपासून, म्हणजे तो फ्रेमला जोडणाऱ्या पट्टीपासून सोडून, फडक्यात गुंडाळून फ्रेमच्या आत बांधा. बॉक्सला आपटी बसली की पहिला वाकतो तो हँगर. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असल्याने खेड्यातल्या दुकानात मिळण्याची आशा धरू नका. एक जादा सोबत ठेवा. डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये प्लास्टिकची पट्टी किंवा जाड पुठ्ठा घाला, नाहीतर प्रवासात लिव्हर दाबला जाऊन पिस्टन बाहेर येतात. सीटपोस्टच्या उंचीला टेपची खूण करा. टायरमधली हवा कमी करा, पण पूर्ण नको, रिमला तेवढीच गादी. हवा भरायचं गॅसचं कारतूस न नेता हातपंप न्या. सायकल नेणार हे एअरलाइनला तिकिटासोबतच कळवा, आणि विमानतळावर जायला मोठी गाडी सांगा. हा बॉक्स काळी-पिवळीत बसत नाही.

प्रश्न (गिरगाव) : वय ६१, पूर्ण शाकाहारी, अंडं चालतं. खेड्यांत खायला मिळेल का? आणि उजव्या बाजूने चालवायची भीती वाटते.

उत्तर : मिळेल, पण घड्याळ पाळावं लागेल. दुकानं साधारण १२ ते २ बंद. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी कित्येक गावांत पावही मिळत नाही. शनिवारीच पाव, चीज, फळं भरून ठेवा. उपाहारगृहात जेवण १२ ते दीडच्या दरम्यान मागा. दोननंतर स्वयंपाकघर बंद होतं. ऑम्लेट बहुतेक ठिकाणी मिळतं. कुट्टूच्या पिठाची गालेत मागवताना ‘सां जाँबों’ म्हणा, म्हणजे हॅम घालणार नाहीत. सॅलडसाठी ‘सां लार्दों’, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे नकोत. सूप मांसाच्या पाण्यातलं असू शकतं, विचारा. बऱ्याच पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) असतं. ते चालत नसेल तर मसूर, शेंगदाणे आणि थेपले मुंबईहूनच न्या.

पाण्यासाठी गावाबाहेरची दफनभूमी शोधा. फुलांना घालायला तिथे बहुधा नळ असतो, आणि फ्रेंच सायकलस्वारही तिथेच बाटल्या भरतात. ‘ओ नों पोताब्ल’ लिहिलं असेल तर ते पिऊ नका.

उजव्या बाजूची सवय तासाभरात लागते. चूक होते ती थांबून पुन्हा निघताना. बेकरीतून पाव घेऊन बाहेर आलं, रस्ता रिकामा असला की हात आपोआप डावीकडे वळतो. थांबाल तेव्हा सायकल उजव्या कडेलाच, पुढच्या दिशेला तोंड करून टेकवा. आरसा हँडलच्या डाव्या टोकाला लावा. गोल चौकात उजवीकडे वळून शिरा, वाहनं तिथे घड्याळाच्या उलट फिरतात. आणि गावात पाटी नसलेल्या नाक्यावर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, तो लहानशा गल्लीतून आला तरी. टोकावर उभ्या पिवळ्या चौकोनाची पाटी असेल तर हक्क तुमच्या रस्त्याचा. त्याच पाटीवर काळी तिरकी रेघ असेल तर तो तिथे संपला, म्हणून हात ब्रेकवर ठेवा.