पिझ्झाच्या दुकानाचा विमा: बँक म्हणते तेवढाच पुरेल का?

चिपळूणच्या एका ताईंचा प्रश्न: "मिस्टर लोट्याच्या एमआयडीसीतली नोकरी सोडून एका पिझ्झा ब्रँडची फ्रँचायझी घेतायत. एकूण ३५ लाख लागतील. त्यातले २० लाख बँकेचं कर्ज आहे आणि मी जामीनदार. करारात चार-पाच विमे सक्तीचे आहेत, त्यासाठी पिझ्झा कंपनीच्या एजंटने ४६,००० रुपयांचं कोटेशन दिलंय. बँक मात्र म्हणते, १५ लाखांचा आगीचा विमा दाखवा, बास. तेवढाच घेऊन उरलेले पैसे जाहिरातीला वापरावेत का? मिस्टरांची ५ लाखांची एक जुनी आयुर्विम्याची पॉलिसी आहेच."

ताई, खर्चाला कात्री लावायला हरकत नाही, पण तुम्ही ती नको तिथे लावताय.

आधी कराराचं बघू. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, सगळं १८७२ च्या करार कायद्यावर चालतं. सही केलीत की विम्याचं कलम पाळावंच लागणार. नाही पाळलं तर तो करारभंग, आणि भरलेली ४ लाखांची फ्रँचायझी फी परत मागायला तोंड राहणार नाही. (ही फी कुठल्याही दुकान-विम्यात बसत नाही, हेही लक्षात असू द्या.) पण ते कलम कंपनीच्या वकिलाने कंपनीसाठी लिहिलेलं आहे. गिऱ्हाइकाला काही झालं तर ब्रँडच्या खिशाला झळ लागू नये, एवढीच त्याची काळजी. तुमचं भांडवल वाचेल का, हे त्यात कुणी पाहिलेलं नाही. बँकेनेही पाहिलेलं नाही.

तुम्ही पाठवलेल्या यादीनुसार आतलं काम ११ लाख, ओव्हन, फ्रीझर वगैरे १२ लाख आणि माल २ लाख, म्हणजे दुकानात २५ लाखांची मालमत्ता असेल. विमा १५ लाखांचा. उद्या १० लाखांचं नुकसान झालं, तर "१५ लाखांचा विमा आहे, १० मिळतील" असं वाटतं. तसं होत नाही. किमतीच्या ६० टक्केच विमा उतरवलाय म्हणून नुकसानीचेही ६० टक्केच, म्हणजे ६ लाख धरले जातात, त्यातूनही वजावट, म्हणजे नुकसानीचा आपण सोसायचा ठरावीक वाटा, जाते. पॉलिसीवर बँकेचं नाव असल्याने त्या पैशांवर पहिला हात बँकेचा.

पुराबद्दल मी चिपळूणकरांना काय सांगणार! २२ जुलै २०२१ नंतर तिथल्या एका दुकानदाराचे कागद घेऊन मी बसलो होतो. बँकेने मागितला म्हणून मालाचा विमा होता. फर्निचर आणि फ्रीझर पॉलिसीत कुठेच नव्हते. नुकसान मोजायला आलेल्या सर्व्हेअरने कागदावर होतं तेवढंच मोजलं.

एका जागी ५ कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्यांसाठी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे. आगीबरोबर पूर, वादळ, भूकंप, दरड त्यात येतात. विमा थोडा कमी पडला तर १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. तुमची तूट ४० टक्के आहे. तेव्हा पूर्ण २५ लाखांचा घ्या, आणि मशिनरी नवीन आणायला लागेल त्या किमतीला धरा. इमारत मालकाची आहे, तिचा हप्ता तुम्ही भरू नका. एरवीची चोरी-घरफोडी यात येत नाही, त्यासाठी घरफोडीचा विमा वेगळा लागतो.

कात्री लावू नये अशी दुसरी जागा माणसांची. सहा पोरं ठेवणार म्हणता, म्हणजे ईएसआयसीची (सरकारी कामगार विम्याची) सक्ती नाही. पण कामावर असताना अपघात झाला तर भरपाई मालकाच्या माथी. १५,००० पगाराच्या २५ वर्षांच्या मुलाचा जीव गेला तर सूत्र असं: अर्धा पगार गुणिले वयाचा २१६.९१ हा गुणांक, म्हणजे १६,२६,८२५ रुपये. डिलिव्हरीच्या गाड्या आणि कोकणातला पाऊस एकत्र डोळ्यांसमोर आणा. कामगार भरपाईचा विमा करारात नसता तरी मी घ्यायला लावला असता.

पब्लिक लायबिलिटी, म्हणजे गिऱ्हाइकाला इजा झाली तर भरपाई देणारी पॉलिसी, पिझ्झा कंपनीने मागितलीच आहे, पण पॉलिसी उघडून अन्नविषबाधा त्यात आहे का ते बघा. कुणी दुकानात घसरून पडलं तर भरपाई, पण पिझ्झा बाधला तर नाही, अशाही पॉलिसी असतात. अन्नसुरक्षा कायद्याच्या ६५ व्या कलमात मृत्यूला किमान ५ लाखांची भरपाई आहे.

कात्री लावायची तर काच, बोर्ड आणि गल्ल्यातली रोकड यांच्या विम्यांना लावा. ही नुकसानं खिशातून सोसता येतात. कंपनीला ईमेल करून हे विमे ऐच्छिक करून मागा, लेखी होकार आला तरच वगळा. फ्रीझरमधल्या मालाच्या विम्याऐवजी मी इन्व्हर्टरवर पैसे घालेन, कारण लाइट तर जाणारच. शिवाय कोणता विमा हवा हे करारात असतं, तो कुणाकडून घ्यायचा हे बहुधा नसतं. आणखी दोन कोटेशनं मागवा. तुलना जीएसटी धरूनच करा. ५ टक्के जीएसटी लावणाऱ्या रेस्टॉरंटला हप्त्यावर भरलेला १८ टक्के जीएसटी आपल्या करातून वळता करता येत नाही.

आता घरातलं. ५ लाखांची जुनी पॉलिसी २० लाखांच्या कर्जापुढे काहीच नाही. ती तूर्त चालू राहू द्या. मिस्टरांच्या नावे १ कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा आयुर्विमा, घ्या. वैयक्तिक आयुर्विम्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी शून्य आहे. अर्जाबरोबरच १८७४ च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याचा फॉर्म भरा, तो मागाहून जोडता येत नाही. त्यामुळे मिस्टर ज्यांचं देणं लागतात त्यांना त्या रकमेला हात लावता येत नाही. पण तुम्ही जामीनदार आहात, तुमच्या हाती आलेल्या पैशांकडे बँक वळू शकते. म्हणून लाभार्थी म्हणून मुलांचीही नावं घाला आणि माहेरचं किंवा सासरचं भरवशाचं माणूस ट्रस्टी नेमा. आणि राजीनामा देण्याआधी कुटुंबाचा आरोग्यविमा घेऊन ठेवा. नोकरी सुटली की कंपनीचा ग्रुप विमा सुटतो, आणि जुन्या आजारांना नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं.

एक तारीख मात्र चुकवू नका. दुकानाची पॉलिसी उद्घाटनाच्या मुहूर्तापासून नको, ओव्हन टेम्पोतून उतरतील त्या दिवसापासून हवी. हप्ता आधी जमा झाल्याशिवाय विमा कंपनी जोखीम घेत नाही, आणि तुमचं आतलं काम ऐन जुलैत चालू असणार आहे.