म्युनिकमध्ये एम340आय आहे, विंटर टायर कोणते घ्यावेत?

तुम्ही सोलापूरचे म्हटल्यावर सविस्तर लिहायला बसलो. जुन्या पुणे नाक्याजवळ आमच्या अण्णांचं टायरचं दुकान. शाळेत असल्यापासून मी तिथं टायर उतरवले-चढवले, मग नोकरीसाठी स्टुटगार्टला जाऊन 9 हिवाळे काढले, आणि आता परत येऊन दुकान मीच बघतो.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सेकंडहँड बीएमडब्ल्यू एम340आय एक्सड्राइव्ह घेतली, तिला 19 इंची समर टायर आहेत. फोर व्हील ड्राइव्ह असताना विंटर टायर लागतातच का, ऑल-सीझनवर, म्हणजे बारमाही टायरवर भागेल का, 18 इंची घ्यावेत की 19, आणि झिजल्यावर सोलापूरला बाबांच्या गाडीसाठी आणता येतील का.

लागतात. आणि बर्फ पडायची वाट बघू नका.

पहिल्या वर्षी माझाही समज होता की विंटर टायर म्हणजे बर्फातले टायर. नोव्हेंबर होता, बर्फाचा पत्ता नव्हता, म्हणून मी समरच ठेवले. गाडी जुनी गोल्फ जीटीआय. स्टुटगार्ट वाटीसारखं खोलगट वसलंय, माझं घर वर आणि ऑफिस खाली. सकाळी 2-3 अंश, रस्ता नुसता ओला. उतारावरच्या वळणाआधी ब्रेक दाबला तर पायाखाली एबीएस कडकडायला लागलं, स्टिअरिंग वळलं आणि गाडी सरळच जात राहिली. चाक फुटपाथच्या कडेवर आदळलं तेव्हा थांबली. तिथून वीस-पंचवीस फुटांवर शाळेची पोरं रस्ता ओलांडायला उभी होती. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो. रिम वाकली होती. संध्याकाळी खाली वाकून त्या टायरवर अंगठ्याचं नख दाबलं. आपल्या दुकानात मे महिन्याच्या दुपारी नख रबरात रुतायचं, इथं खूणसुद्धा उठेना. नक्षी भरपूर शिल्लक होती, रबर मात्र लाकूड झालं होतं.

सगळी मेख त्या रबरात आहे. जोरदार गाडीचे समर टायर गरम रस्त्यावर चिकटून धरतील अशा मिश्रणाचे असतात. थंडीत तेच रबर ताठ होतं, रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरत नाही, आणि पकड जाते. विंटर टायरच्या रबरात सिलिकाचं आणि नैसर्गिक रबराचं गणित वेगळं बसवलेलं असतं, त्यामुळे ते गोठणबिंदूखालीही लवचिक राहतं. शिवाय नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात. त्यांच्या कडा बर्फाला चावतात, खाचांत दाबून भरलेला बर्फ खालच्या बर्फाला धरतो. तिकडे 7 अंशांचा नियम सगळे सांगतात. ती काही दगडावरची रेघ नाही, 5 अंशांत चांगला समर टायर एकदम निकामी होत नाही. पण पहाटेचं आणि दुपारचं तापमान किती वेगळं असतं ते बघता तो आकडा धरून चालणं बरं. त्यांची दुसरी म्हण ‘ऑक्टोबर ते ईस्टर’. तीही लक्षात ठेवा.

आता एक्सड्राइव्हचं. चारही चाकांना ताकद मिळाली की सिग्नलवरून गाडी सुटते झकास, आणि त्यामुळेच फसगत होते. निघताना घसरली नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो. ब्रेक मात्र प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतात. थांबताना फोर व्हील ड्राइव्हचा काही उपयोग नाही, तिथं फक्त टायर आणि रस्ता. साडेतीनशेच्या वर हॉर्सपॉवर आहे तुमच्याकडे, म्हणजे चुकीच्या वेगाला पोहोचायला वेळ लागत नाही.

कायदाही आहेच. जर्मनीत 2010 पासून रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ, हिमदव असताना त्या लायकीचे टायर सक्तीचे आहेत. नसतील तर 60 युरो दंड आणि लायसनवर एक पॉइंट. टायरच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चिन्ह हवं. नुसतं ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल-बर्फाची जुनी खूण) 1 ऑक्टोबर 2024 पासून चालत नाही. सेकंडहँड टायर बघायला गेलात तर हे आधी तपासा. नक्षी कायद्याने 1.6 मिलिमीटर पुरते, पण हिवाळ्यात 4 च्या खाली गेली की टायर संपला असं धरा. ऑस्ट्रियात तर हिवाळ्यात 4 चा कायदाच आहे, आणि म्युनिकहून साल्झबुर्गला तुम्ही एका रविवारी जाणारच.

इंचाच्या बाबतीत मी ठामपणे 18 म्हणेन. 19 इंची दिसायला देखणे, ते मान्य. पण 18 च्या टायरची भिंत उंच असते, बर्फाखाली लपलेल्या खड्ड्याचा मार ती सोसते आणि रिम वाचते. अरुंद टायर बर्फावर तरंगत नाही, दाबून खाली उतरतो. तुमच्या 19 इंचीत बहुधा पुढे 225 आणि मागे 255 मिलिमीटर रुंदीचे असे वेगळे आकार असतील. त्याऐवजी चारही 225/45 आर18 घेतले की पुढचे-मागचे अदलाबदल करता येतात आणि झीज सारखी राहते. एक्सड्राइव्हला ते फार महत्त्वाचं, कारण पुढच्या-मागच्या टायरच्या घेरात फरक पडला की ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर ताण येतो. म्हणूनच दोनच बदलायचा विचारही करू नका. फक्त मोठ्या ब्रेकवर 18 ची रिम बसते का, हे गाडीच्या सीओसी कागदावर (कंपनीच्या मंजुरी प्रमाणपत्रावर) मंजूर आकारांत वाचून मगच पैसे द्या.

लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, कागदावर असेल त्याहून कमी नको. 95 म्हणजे एका टायरला 690 किलो. स्पीड रेटिंगला मात्र सूट आहे: गाडी ताशी 250 किलोमीटरची असली तरी विंटर टायर ‘व्ही’, म्हणजे 240 चा चालतो, समोर दिसेल असा कमाल वेगाचा स्टिकर लावायचा.

ब्रँड विचाराल तर मिशेलिन पायलट आल्पिन 5 किंवा कॉन्टिनेन्टल विंटरकॉन्टॅक्ट टीएस 870 पी, यांतला जो तुमच्या आकारात मिळेल तो. हे मध्य युरोपच्या ओल्या, थंड, वेगवान रस्त्यांसाठी बनवलेत. नॉर्वे-फिनलंडसाठीचे मऊ नॉर्डिक टायर ऑटोबानवर 160 ला डुलतात, ते घेऊ नका. एडीएसी ही जर्मनीतली वाहनचालकांची संघटना दर वर्षी टायरच्या चाचण्या छापते, त्यात ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग हा रकाना आधी बघा. टायरच्या बाजूवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे तो बनल्याचा आठवडा आणि साल सांगतात. 2324 म्हणजे 2024 चा 23वा आठवडा.

ऑल-सीझन? कोलोनला छोटी गाडी घेऊन भाजी आणायची असती तर हो म्हटलं असतं. आल्प्सच्या पायथ्याशी या गाडीला नाही.

हवेकडे आपली माणसं फार दुर्लक्ष करतात. तापमान 10 अंश उतरलं की हवा साधारण 0.1 बारने, म्हणजे आपल्या भाषेत दीड पौंडाने उतरते. उबदार गॅरेजमध्ये भरलेली हवा बाहेर उणे 5 ला कमी दिसणारच. पंधरा दिवसांनी एकदा, गाडी थंड असताना तपासा. चाकं बदलल्यावर 50 किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळून घ्या, आणि पहिले 300 किलोमीटर जरा सबुरीने चालवा.

आणि सोलापूरला आणायचं म्हणताय, तर तेवढं करू नका. जे मऊ रबर तिकडे तुम्हाला वाचवतं, ते इथल्या 43 अंशांत, तापलेल्या डांबरावर लोण्यासारखं होतं. ब्रेक मारल्यावर नक्षीचे ठोकळे लवलव करतात, गाडी उशिरा थांबते. हैदराबाद रोडला दुपारी बाबा गाडी चालवत असतील तर त्यांच्यासाठी इथलेच साधे टायर घ्या. जुने तिकडच्याच टायरवाल्याकडे जमा करा.