टेक्साससाठी खिशातले पिस्तूल, आणि देवगडची ठासणीची

दादा, तुम्ही विचारलेत ते थोडक्यात असे: बहिणीच्या अर्जावर ग्रीन कार्ड आले आहे, देवगड सोडून ह्यूस्टनजवळ मेहुण्यांच्या पेट्रोल पंपावरच्या दुकानात बसायचे आहे. रात्री गल्ला सांभाळायचा, तर खिशात मावणारे छोटे पिस्तूल घ्यावे का? आणि वानरांसाठी परवान्यावर घेतलेल्या ठासणीच्या (तोंडातून दारू ठासून भरायच्या) बंदुकीचे काय करायचे?

आधी कागद. ग्रीन कार्डवाल्याला अमेरिकेत पिस्तूल विकत घेता येते. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, एच-फोर असल्या नोकरी-शिक्षणाच्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला मात्र केंद्रीय कायद्याने बंदूकही बाळगता येत नाही आणि गोळीही. तिथल्या एखाद्या राज्याचा शिकारीचा चालू परवाना असेल तरच सूट मिळते. नसेल तर नेमबाजीच्या रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणेसुद्धा गुन्ह्यात जमा. शिकायला आलेला तुमचा पुतण्या तुमच्याकडे राहणार म्हणता, तर बंदूक ठेवाल त्या तिजोरीचा आकडा त्याला कळता कामा नये. शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर ग्रीन कार्ड असूनही देशाबाहेर काढतात, एवढे पक्के लक्षात असू द्या.

उतरल्या उतरल्या दुकानात जाऊन उपयोग नाही. फोटो आणि सध्याचा पत्ता असलेले सरकारी ओळखपत्र लागते, म्हणजे टेक्सासचे ड्रायव्हिंग लायसन्स. आधी मिळणारा तात्पुरता कागद चालत नाही, कार्ड पोस्टाने येईपर्यंत थांबा. पूर्वी राज्यात 90 दिवस राहिल्याचा पुरावा मागत, ती अट 2012 मध्ये गेली. दुकानदाराकडून पिस्तूल घ्यायला वय 21 पूर्ण हवे. तो केंद्र सरकारचा 4473 नंबरचा खरेदीचा फॉर्म देईल. त्यात ग्रीन कार्डावरचा नंबर लिहायचा. ‘खरा खरेदीदार तुम्हीच का’ हा प्रश्न नुसता विचारण्यापुरता नसतो. पैसे तुमचे आणि नाव मेहुण्यांचे, असला आपल्याकडचा घरगुती व्यवहार तिथे थेट तुरुंगात नेतो. मग गुन्ह्यांची नोंद बघायला नाव केंद्रीय तपासणीला जाते. नव्याने आलेल्यांचे ‘डिलेड’ (निर्णय लांबला) असे उत्तर येणे नवलाचे नाही, घाबरू नका. कामाच्या तीन दिवसांत नकार आला नाही तर दुकानदार माल देऊ शकतो.

टेक्सासमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येते. तरीही ‘लायसन्स टू कॅरी’ (पिस्तूल जवळ बाळगण्याचा राज्याचा परवाना) काढाच. शाळेच्या 1000 फुटांच्या आत बंदूक नेण्यावर केंद्रीय बंदी आहे आणि राज्याचा परवाना असलेल्यालाच त्यातून सूट आहे. गावातून गाडी हाकताना शाळा कुठे कुठे लागतात हे कोण मोजत बसणार? चार ते सहा तासांचा वर्ग, लेखी परीक्षा आणि 3, 7 व 15 यार्डांवरून मिळून 50 गोळ्या, एवढाच खटाटोप. दारावर 30.06 ची (परवानाधारकालाही झाकून नेण्यास बंदी) किंवा 30.07 ची (उघड नेण्यास बंदी) पाटी असेल तर तसे आत न्यायचे नाही, आणि बारवर लाल 51% ची (निम्म्याहून जास्त कमाई दारूची) पाटी असेल तर मुळीच नाही. पोस्टातही नाही. आणि न्यू जर्सीतल्या एडिसनच्या नातेवाइकांकडे जाताना घरीच ठेवा. न्यू जर्सी बाहेरच्या कुठल्याच राज्याचा परवाना मानत नाही.

आता खुद्द पिस्तूल. खिशातले म्हणजे रुगर एलसीपी मॅक्स (.380 मापाची गोळी, सुमारे 300 ग्रॅम), स्मिथ अँड वेसनचे 642 रिव्हॉल्वर (.38, पाच गोळ्या, 400 च्या आसपास), किंवा जरा मोठे सिग पी-365 (9 मिमी, 500 ग्रॅम). लहान ते सोपे असे वाटते, पण होते उलट. वजन कमी म्हणून झटका हाताला लागतो, नळी आखूड म्हणून नेम सुटतो, मूठ बोटभर कमी पडते. मनगट सैल राहिले की स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) पुरती मागे जात नाही आणि रिकामे काडतूस फटीत उभे अडकते. नवशिक्यांच्या हाती पिस्तूल बंद पडते ते बहुतेक याच पायी. रिव्हॉल्वरमध्ये ही भानगड नाही, पण त्याचा चाप पाच किलोंच्या वर ओढावा लागतो. मला विचाराल तर पी-365 घ्या.

खिशात ठेवायचे ते होल्स्टरमध्येच, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात. होल्स्टरने चाप पूर्ण झाकला पाहिजे, आणि बाहेरची बाजू खरखरीत हवी, म्हणजे पिस्तूल उपसताना होल्स्टर खिशातच राहते. त्या खिशात दुसरे काही नको: किल्ली, नाणे, रुमाल, काहीच नाही. मुठीत धरून ओढले तर जीन्सच्या खिशाच्या तोंडाशी मूठ अडकते. म्हणून आत असताना अंगठा स्लाइडच्या मागच्या टोकावर टेकवा. आणि गल्ल्यामागे स्टुलावर बसलेल्याला पुढच्या खिशातून पिस्तूल निघतच नाही, गाडीतही नाही. तुमच्या कामाला कमरेवरचे बरे. त्याहून बरे म्हणजे गल्ल्यात थोडीच रोकड आणि बाकीची जमिनीला बोल्टने आवळलेल्या ड्रॉप सेफमध्ये (फटीतून पैसे आत टाकायची तिजोरी).

ह्यूस्टनचा उन्हाळा आपल्या मे महिन्यासारखाच दमट. घामाने स्क्रू गंजतात, खिशातला कापसाचा भुगा नळीत आणि चापाखाली साचतो. दोन आठवड्यांनी उघडून पुसा. रोज रात्री गोळी काढून सकाळी तीच परत भरू नका, वारंवार आपटून शिसे काडतुसात आत सरकते आणि दाब धोक्याइतका वाढतो. भरवसा ठेवण्याआधी किमान 200 गोळ्या उडवून बघा, त्यात 50 तरी रोज ठेवणार त्याच हव्यात. घरी पोरे आहेत. 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणे टेक्सासमध्ये गुन्हा आहे.

गणपतीला याल तेव्हा रेंजवर नेलेली बॅग किंवा जॅकेट विमानात आणूच नका. शिवणीत अडकलेले एक काडतूस आपल्या विमानतळावर सापडले की आर्म्स अ‍ॅक्टचे कलम 25 लागते. कायमचे परत आलात तर 9 मिमीचे पिस्तूल आणता येणार नाही, ते इथे प्रतिबंधित बोअर (सामान्य परवान्यावर न मिळणारे नळीचे माप) आहे.

राहिली ठासणीची. परवाना तुमच्या नावावर आहे, तेव्हा ती भावाकडे किंवा बागेच्या राखणदाराकडे सोडून जाता येत नाही. निवडणुकीत करता तशीच पोलीस ठाण्यात जमा करा किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवा, बंदुकीचा नंबर लिहिलेली पावती घ्या आणि ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी कळवा. घरात उरलेली बंदुकीची दारू आणि केपा (ती पेटवणाऱ्या टिकल्या) यांचेही त्याच वेळी विचारून घ्या. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षे आहे, ती तारीख टिपून ठेवा. बंदूक बाळगून 25 वर्षे झाली असतील किंवा तुम्ही सत्तरी गाठली असेल, तर 2016 च्या नियमांप्रमाणे वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो. तो अर्ज अमेरिकेला निघण्यापूर्वीच टाका, पोलीस चौकशीला वेळ लागतो.