नोकरी घरून करता येते आणि गावी घर आहे, तर ठाणं सोडून कोकणात राहायला जावं का?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात वन बीएचके आहे, काम लॅपटॉपवरचं, मुलगी सातवीत आणि संगमेश्वर तालुक्यात आजोबांचं चिऱ्याचं घर बंद पडून आहे. हवा, गर्दी, शांतता, खर्च, सगळा हिशेब नीट मांडलात. आणि अगदी शेवटी, जाता जाता, ‘मिसेस अजून तयार नाही.’ मी त्या शेवटच्या ओळीलाच उत्तर देतेय, कारण डोंबिवलीची तशीच एक मिसेस मी होते. २०१७ साली आम्ही तुमच्याच तालुक्यात, देवरुखजवळच्या एका वाडीत राहायला आलो.

गावी आलात तरी तुमचा दिवस फारसा बदलणार नाही. सकाळी लॅपटॉप उघडाल, समोर बिल्डिंगऐवजी आंब्याचं झाड दिसेल. वीज गेली की इन्व्हर्टर, नेट गेलं की वैताग, एवढंच. बायकोचा दिवस मात्र मुळापासून बदलतो.

पाण्याचंच घ्या. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात. इथल्या जांभ्या दगडात पाणी टिकत नाही. उतारावरून नदीत आणि तिथून समुद्रात. त्या दिवसांत नळाला पाणी आलं की हातातलं टाकून हंडे-पिंपं भरायला धावावं लागतं. तेव्हा तुमची मीटिंग चालू असेल, हे मी आत्ताच सांगते.

दुसरं म्हणजे गणपती. आतापर्यंत तुम्ही चाकरमानी म्हणून आलात, जेवलात, आरत्या म्हटल्यात, परत गेलात. मूळ घरात कुणीतरी कायमचं राहायला आलंय म्हटल्यावर सगळे भाऊबंद हक्काने उतरतात. त्यांचं चुकत नाही, घर सगळ्यांचंच आहे. पण गाद्या उन्हात घालण्यापासून रात्री जाखडी नाचायला येणाऱ्यांच्या चहापर्यंत सगळं घरात राहणाऱ्या बाईकडे येतं. पुढे शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा तेच. (आणि सातबाऱ्यावर जितकी नावं, तितके सल्लागार. आम्ही मागच्या बाजूला बाथरूम बांधलं, तेव्हा घाटकोपर आणि विरारहून फोनवर मंजुऱ्या घ्याव्या लागल्या होत्या.)

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ बायका होत्या. राज्यात हाच आकडा ९२९ होता. त्याच जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्याही आधीच्या दहा वर्षांपेक्षा कमी भरली. पुरुष मुंबईला जात राहिले आणि शेती, म्हातारी माणसं, गावकीची पट्टी (वर्गणी) हे सगळं बायकांनी सांभाळलं. त्यामुळे इथे तिला सोबत मिळेल ती बहुतेक तिच्या आईच्या वयाच्या बायकांची. माझ्या वयाच्या मैत्रिणी मिळायला मला बराच काळ लागला. सुरुवातीला गाडीतल्या लेडीज डब्याची आठवण येऊन रडलेय मी. नवऱ्याला ते शेवटपर्यंत कळलं नाही, त्याच्या मते लोकलमधून सुटका झाली म्हणून मी खूश असायला हवी होते.

खर्चाचं थोडक्यात सांगते. घरभाडं नाही हे खरं, पण भाजी घाटावरून, कोल्हापूरकडून येते, त्यामुळे ती स्वस्त मिळेल असं धरू नका. परसात लावाल तर माकडं ठेवत नाहीत. कौलं शाकारणं आणि वाळवी हे खर्च दरवर्षी असतात.

दवाखान्याचं मात्र नीट बघा. किरकोळ दुखण्याला देवरुख पुरतं, मोठ्याला रत्नागिरी, चिपळूणकडचं डेरवण किंवा आंबा घाट चढून कोल्हापूर. २०२१च्या जुलैमध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं आणि आंबा घाटातही रस्ता खचला, म्हणजे दोन्हीकडच्या वाटा अडल्या. घरात कुणाला हृदयाचा किंवा डायलिसिसचा त्रास असेल तर माझं उत्तर सरळ ‘नको’ असं आहे. फुरशाची, म्हणजे इथल्या छोट्या विषारी सापाची, भीती मात्र बाळगू नका. अंधारात बॅटरी घेऊन चाला आणि चावलंच तर मांत्रिकाकडे न जाता थेट सरकारी दवाखाना गाठा.

मुलीची शाळा दहावीपर्यंत निभावते. पुढे देवरुखात आठल्ये-सप्रे-पित्रे कॉलेज आहे, पण डॉक्टर-इंजिनीअरच्या क्लासेससाठी रत्नागिरी नाहीतर परत ठाणं. सातवीत असतानाच हे तिच्याशी बोला.

एवढं वाचून वाटेल की मी पस्तावलेय. तसं नाही. आज मला कुणी डोंबिवलीला परत चल म्हटलं तर मी जाणार नाही. सासूबाई पडल्या तेव्हा मी हाक मारायच्या आत वाडीतले चौघे जण खुर्ची घेऊन हजर होते, पाखाडीवरून (दगडी पायवाटेवरून) खाली गाडीपर्यंत त्यांनीच नेलं. पण मला गाव लागलं ते स्कूटी घेतल्यावर. देवरुखात एका दुकानाचे हिशेब लिहायला लागले, हातात स्वतःचे पैसे आले, बचत गटात ओळखी झाल्या. तोपर्यंत मी नुसती अमक्याची सून होते.

म्हणून बायकोला ‘तयार हो’ म्हणण्याआधी तिला विचारा की तिथे ती काय करणार, कशाने फिरणार, तिचे पैसे कुठून येणार. उत्तर मिळत नसेल तर अजून थांबा. मिळालं तर मुलीची परीक्षा झाल्यावर या. मे महिन्याच्या आमरसावर जाऊ नका, निदान गणपतीपर्यंत सलग राहून बघा आणि त्या गणपतीत पहिल्या दिवसापासून स्वयंपाकघरात तुम्हीही उभे राहा. ठाण्याचा फ्लॅट तोवर विकू नका. भाड्याने द्यायचा तर करार अकरा महिन्यांचाच करा.