पाटण तालुक्यात घरच्या अंड्यांसाठी दहा-बारा कोंबड्या पाळायच्या आहेत. एक दिवसाची पिल्लं आणावीत का?

आणा, पण पावसाळा संपल्यावर. आपल्याकडच्या पावसात ऊब आणि कोरडेपणा दोन्ही सांभाळणं फार अवघड जातं, आणि पिल्लं दगावतात ती बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत.

पहिल्या आठवड्यात पिल्लांजवळ ३५ अंशांच्या आसपास ऊब हवी, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. त्यासाठी जुना पिवळा बल्बच लावा, एलईडीने ऊब मिळत नाही. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा: बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवत असतील तर गारठलीत, कडेला चोच उघडी ठेवून बसली असतील तर उकडतंय. वीज जातेच, म्हणून झाकलेली शेगडी तयार ठेवा, पण हवा खेळती हवी. खाली भाताचं तूस पसरा. ते ओलं झालं की रक्ती हगवण आलीच, म्हणून भिजलेला भाग रोज काढा.

लसी चुकवू नका: मानमोडीवरची (राणीखेत) लासोटा लस सहाव्या-सातव्या दिवशी, गंबोरो रोगाची लस दोन आठवड्यांच्या सुमारास. पुढचं वेळापत्रक जनावरांच्या दवाखान्यातून लिहून घ्या.

अंड्यांसाठी मी ग्रामप्रिया ही सुधारित जात घेईन. गावठी कोंबडी खुडूक होऊन अंडी उबवते, पिल्लं स्वतः वाढवते, पण अंडी बरीच कमी देते. साधारण पाच-सहा महिन्यांनी तलंगा (तरुण कोंबड्या) अंड्यावर येतात. तोवर लेयरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं, खाद्य देऊ नका, त्यातल्या जादा कॅल्शियमने मूत्रपिंड बिघडतात.

खुराड्याला बारीक जाळी मारा, शेजारी ऊस असेल तर मुंगूस येणारच.